शेततळ्यातील नळीत राहणारे लाल किडे : ओळख आणि उपाय

बुलढाणा जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत शेततळ्यांची संख्या बरीच वाढली आहे. 2016 साली सुरू झालेली 'मागेल त्याला शेततळे' योजना आणि त्यानंतर आलेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प यांमुळे अनेकांच्या शेतात प्लास्टिकचे अस्तर असलेली तळी तयार झाली. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा व चिखली भागात शेडनेटमधील भाजीपाला बीजोत्पादन याच पाण्यावर चालते. शेगाव, संग्रामपूर, नांदुरा या खारपाणपट्ट्याच्या तालुक्यांत विहिरीचे पाणी खारे असल्यामुळे पावसाचे साठवलेले गोडे पाणी म्हणजे पिकाचा आधारच आहे. पाणी साठले की त्यात जीवही येतात. त्यांपैकी गाळात नळी करून राहणाऱ्या लाल किड्यांविषयी आमच्याकडे वरचेवर विचारणा होते.

मागील उन्हाळ्यात एक शेडनेटधारक शेतकरी काचेच्या बाटलीत तळ्याचा गाळ घेऊन आले. ढोबळ्या मिरचीच्या बीजोत्पादनाचा प्लॉट ऐन फळधारणेत होता आणि दोन ओळींतील झाडे दुपारी माना टाकत होती. लॅटरलचे शेवटचे टोक उघडले तेव्हा तपकिरी चिखल आणि त्यात वळवळणारे लाल किडे बाहेर पडले. हे किडे मुळे खातात असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. कपाशीवर फवारण्यासाठी आणलेले कीटकनाशक तळ्यात ओतण्याची त्यांची तयारी झाली होती. घरच्यांनी अडवले म्हणून ते आधी विचारायला आले. त्याच तळ्यात त्यांनी रोहू व मृगळाची बोटुकली सोडलेली होती. त्या किड्यांनी एकही मूळ खाल्ले नव्हते. झाडे सुकत होती ती तोट्या बंद पडल्यामुळे. औषध ओतले असते तर मासे मेले असते आणि तोट्या मात्र तशाच बंद राहिल्या असत्या.

म्हणून उपायाच्या आधी ओळख महत्त्वाची. सर्व लाल किडे एक नसतात. दिसायला सारखे असले तरी त्यांतील एक कीटकाची अळी असते, दुसरा गांडुळाचा भाऊबंद असतो, आणि दोघांवरचे उपाय वेगळे आहेत.

नमुना कसा घ्यावा

यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. रव्याची जुनी चाळणी, एक पांढरे ताट आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग एवढे पुरे. मातीच्या तळ्यात काठापासून दोन-तीन फूट आत, गुडघाभर पाण्यातील वरचा दोन इंच गाळ खापरीने किंवा डब्याने अलगद काढावा. अस्तर असलेल्या तळ्यात मात्र उतरू नये. प्लास्टिक निसरडे असते आणि एकदा घसरलेला माणूस आधाराशिवाय वर येऊ शकत नाही. लांब काठीला डबा बांधून काठावरूनच गाळ खरवडावा, आणि कडेला दोर बांधलेला असल्याशिवाय लहान मुलांना तळ्याजवळ जाऊ देऊ नये. काढलेला गाळ चाळणीत घेऊन तळ्याच्याच पाण्याने धुवावा. उरलेले ताटात थोड्या पाण्यात पसरून पाच-दहा मिनिटे हात न लावता ठेवावे. घाई केली तर काहीच दिसत नाही, कारण हे प्राणी धक्का लागला की नळीत शिरतात. ताट स्थिर राहिले की ते हळूहळू बाहेर डोकावतात.

ताटात पाहताना क्रमाने चार गोष्टी तपासाव्यात. डोके वेगळे दिसते का? पाय आहेत का? नळी जागेवर चिकटलेली आहे की प्राणी ती सोबत घेऊन फिरतो? आणि नळीबाहेर काढल्यावर तो कसा हालतो? एवढ्यावरून बहुतेक वेळा ओळख पटते.

लाल अळी, म्हणजे चिलटाची अळी

शेततळ्यात सर्वाधिक आढळणारी हीच. शास्त्रीय भाषेत या कुळाला कायरोनोमिडी म्हणतात. अळी अर्धा ते एक इंच लांब, गर्द लाल, आणि पुढच्या टोकाला तपकिरी, कडक, टाचणीच्या डोक्यासारखे वेगळे डोके. भिंगातून पाहिल्यास डोक्याच्या मागे आखूड आखूड पायांची एक जोडी आणि शेपटीकडे दुसरी जोडी दिसते. मधल्या भागाला पाय नसतात. नळीबाहेर काढून पाण्यात सोडल्यास ती अंग वाकवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे झटके देत पोहते. हे झटके एकदा पाहिले की पुन्हा चूक होत नाही.

तिचा लाल रंग आपल्या रक्तातल्याच जातीच्या द्रव्याचा, हिमोग्लोबिनचा आहे. तळाच्या गाळात प्राणवायू फार थोडा असतो. तो धरून ठेवण्यासाठी ही सोय आहे, म्हणूनच जिथे इतर कीटक गुदमरतात तिथे ही अळी सुखाने राहते.

नळी ती लाळेच्या रेशमासारख्या धाग्याने विणते आणि त्याला गाळाचे व शेवाळाचे कण चिकटवते. मातीच्या तळ्यात या नळ्या गाळात उभ्या असतात व वर छोट्या धुराड्यासारखी तोंडे दिसतात. प्लास्टिक अस्तरावर उभे राहायला गाळ नसतो, म्हणून तेथे त्या आडव्या, चपट्या, तपकिरी रेघांसारख्या चिकटलेल्या असतात. पाणी उतरल्यावर अस्तरावर वाळलेल्या नागमोडी रेघा दिसतात त्या याच. नळीत बसून अळी अंग सतत हलवत राहते, त्यामुळे ताजे पाणी एका तोंडाने आत येते व दुसऱ्याने बाहेर जाते. काही जातींच्या अळ्या नळीत बारीक जाळे विणून आलेले शेवाळाचे कण अडवतात आणि मग जाळ्यासकट खाऊन टाकतात. पुन्हा नवे जाळे विणतात. मासेमारीचा हा धंदा दिवसभर चालू असतो.

मादी पाण्याच्या कडेला चिकट जेलीसारख्या दोरीत अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी अगदी सूक्ष्म, रंगहीन असते आणि काही काळ पाण्यात तरंगत फिरते. मग तळाशी बसून नळी बांधते. ठिबकच्या दृष्टीने ही तरंगती अवस्था फार महत्त्वाची आहे, त्याविषयी पुढे सांगितले आहे. अळी चार अवस्थांतून वाढते, कोश नळीतच होतो, आणि शेवटी कोश पोहत पृष्ठभागावर येऊन त्यातून चिलट उडते. आपल्याकडच्या उष्ण हवामानात हा सगळा फेरा साधारण दोन ते चार आठवड्यांत पुरा होतो.

हे चिलट डासासारखेच दिसते आणि संध्याकाळी शेतातल्या दिव्यावर थव्याने येते. पण त्याला चावणारी सोंड नसते. बसताना ते पुढचे पाय उचलून धरते, डास मागचे पाय उचलतो. नराच्या मिशा पिसासारख्या झुपकेदार असतात. डासाची अळी पाण्याच्या वरच्या थरात लोंबकळत श्वास घेते व नळी बांधत नाही, हेही ध्यानात ठेवावे. हे चिलट चावत नाही, हिवताप किंवा डेंग्यू पसरवत नाही. मात्र थवे फार झाले तर ज्यांना दमा किंवा ॲलर्जी आहे त्यांना शिंका, डोळ्यांची आग व धाप यांचा त्रास होऊ शकतो. तळ्याजवळ झोपण्याची खोली असेल तर दिवा दारापासून दूर लावावा, पांढऱ्याऐवजी पिवळा लावावा.

ट्युबिफेक्स

हा कीटक नाही. गांडूळ ज्या वलयी प्राण्यांच्या गटात मोडते त्याच गटातला हा पाण्यातला प्राणी आहे. अंग दोऱ्यासारखे बारीक, एक ते दीड इंच लांब, फिकट लाल. डोके वेगळे दिसत नाही, पाय नाहीत. गाळात डोके खुपसून तो माती खात असतो आणि शेपटी वर पाण्यात हलवत ठेवतो. श्वास शेपटीकडून घेतो. त्याची नळी चिकट स्राव व गाळ यांची, मऊ आणि ढिली असते. गाळावर लाल गवत डुलत असल्यासारखे दिसले आणि सावली पडताच किंवा काठी टेकवताच सगळे एकदम आत गडप झाले, तर तो ट्युबिफेक्स समजावा. ताटात काढल्यास हे किडे एकमेकांना गुंडाळून गोळा करतात. चिलटाची अळी असा गोळा करत नाही. याच गटातील एका जातीच्या शेपटीला दोन्ही बाजूंनी बारीक धाग्यांसारखे गिल असतात. भिंगात ते पिसासारखे दिसतात.

ट्युबिफेक्स वाढला याचा अर्थ तळ्यात कुजणारा माल जास्त झाला. शेणखत, कोंबडीखत किंवा माशांचे खाद्य गरजेपेक्षा जास्त टाकणे, गोठ्याचे सांडपाणी तळ्यात उतरणे, पालापाचोळा पडून राहणे ही नेहमीची कारणे आहेत. असे तळे पहाटे पाहावे. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर प्राणवायू कमी पडला आहे. किड्याला दोष देण्याऐवजी खत व खाद्य ताबडतोब थांबवावे आणि ताजे पाणी सोडावे किंवा पंपाने पाणी फवाऱ्यासारखे वरून पाडावे.

इतर नळीवाले

सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद व संग्रामपूरच्या बाजूस, ज्या नाल्यांना स्वच्छ वाहते पाणी असते तेथे दगडांखाली वाळूच्या कणांचे किंवा काडीकचऱ्याचे छोटे नळकांडे सरकताना दिसेल. त्यातून सहा पाय बाहेर येतात. ही कॅडिस माशीची अळी. ती आपले घर पाठीवर घेऊन फिरते, गोगलगायीसारखे. ती दिसली तर पाणी चांगले आहे असे समजावे व तिला तिथेच सोडावे. धानाच्या भागात पानांची सुरळी करून पाण्यावर तरंगणारी सुरळीतील अळी असते, पण ती पूर्व विदर्भाची डोकेदुखी आहे, आपली नाही.

आणखी एक प्राणी आहे, ज्याला बहुतेक जण शेवाळ समजतात. पाइपच्या आतल्या बाजूस, फूट व्हॉल्व्हच्या जाळीवर किंवा पाण्यातल्या दगडाच्या खालच्या अंगाला झाडाच्या फांद्यांसारख्या तपकिरी बारीक नळ्यांची नक्षी चिकटलेली दिसते. ती बोटाने खरवडली तर गवताच्या मुळ्यांसारखी निघते. ही प्लुमाटेला नावाच्या सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असते. नळीच्या प्रत्येक टोकातून डोळ्यांना जेमतेम दिसेल असा तुरा बाहेर येतो. ही वसाहत तुटून आली की गाळणी भरते.

नारू नव्हे

गाळात किंवा विहिरीच्या पाण्यात कधी कधी वीतभर लांब, तारेसारखा ताठ, तपकिरी किंवा काळा प्राणी सापडतो. वयस्कर मंडळी तो पाहून नारू म्हणतात व घरात भीती पसरते. ती भीती उगीच नाही. नारूने महाराष्ट्रातली कित्येक गावे हैराण केली होती. परंतु भारतात नारूचा शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. नारूची मादी माणसाच्या कातडीखाली वाढत असे आणि पायावरच्या फोडातून बाहेर येई. ती विहिरीत मोकळी पोहताना कोणी पकडावी असा प्रकार नसे. पाण्यात सापडणारा तारेसारखा प्राणी म्हणजे घोड्याच्या केसासारखा दिसणारा तारकिडा होय. तो नाकतोडे, रातकिडे, खंडोबाचे घोडे यांच्या पोटात वाढतो व मोठा झाल्यावर पाण्यात उतरतो. तो नळी बांधत नाही, माणसाला किंवा जनावराला बाधत नाही.

समुद्रातले नळीकिडे

खारपाणपट्ट्यातील एका वाचकांनी विचारले आहे की, आपल्याकडचे पाणी खारे आहे आणि पूर्वी येथे समुद्र होता असे जुने लोक सांगतात, तर समुद्रातले नळी बांधणारे किडे आपल्या विहिरीत किंवा तळ्यात येऊ शकतात काय? कोकणात ते त्यांनी पाहिले होते. प्रश्न चांगला आहे.

समुद्रात अशा किड्यांची फार मोठी घराणी आहेत. रत्नागिरी किंवा मुंबईच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी वाळूतून शिंपल्यांचे तुकडे व काड्या चिकटवलेली चामड्यासारखी नळी वर आलेली दिसते. ती डायोपॅट्रा नावाच्या किड्याची. नळीच्या तोंडाशी तो शिंपले असे लावतो की घराला कौले घातल्यासारखे दिसते. खडकांवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे वाळूचे घट्ट थर दिसतात, ते सॅबेलेरिया जातीच्या किड्यांनी वाळूचा एकेक कण चिकटवून बांधलेले असतात. शिंपल्यांवर, बंदराच्या खांबांवर व जहाजांच्या तळावर पांढऱ्या, वेड्यावाकड्या, चुन्याच्या नळ्या असतात. त्या सर्पुलिड गटाच्या. या नळ्यांमुळे जहाजाचा वेग कमी होतो आणि इंधन जास्त लागते, तेव्हा बंदरवाल्यांची तक्रार आपल्या ठिबकवाल्यांसारखीच आहे.

ओळखीची खूण अशी की, या सागरी किड्यांच्या अंगाच्या प्रत्येक वलयाला दोन्ही बाजूंनी मांसल वल्ह्यासारखे भाग व त्यावर राठ केसांचे झुपके असतात. पुष्कळांच्या डोक्याकडे तुरा किंवा मिशा असतात. आपल्या ट्युबिफेक्सला असे वल्हे नसते, केस असतात पण ते भिंगाशिवाय दिसत नाहीत. नळी कशाची केली आहे, चामड्यासारखी, वाळूची की चुन्याची, यावरूनही सागरी किड्याचे घराणे बरेचसे ठरते.

हे किडे आपल्या विहिरीत येणार नाहीत. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. खारपाणपट्ट्यातील विहिरीत पिकाला मारण्याइतके क्षार असले तरी ते त्यापेक्षा पुष्कळ कमी असतात व त्यांचे प्रमाणही वेगळे असते. शिवाय या किड्यांची पिले भरती-ओहोटीच्या पाण्याबरोबर पसरतात. पूर्णा खोऱ्याच्या विहिरीपर्यंत यायला त्यांना वाट नाही. आपल्या जिल्ह्यातले लोणार सरोवरही खारे आहे, पण ते समुद्रासारखे नाही. त्याचे पाणी सोड्यामुळे अतिशय विम्लधर्मी आहे. जून 2020 मध्ये ते गुलाबी झाले ते खारप्रिय सूक्ष्म जिवाणूंमुळे, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. कोणत्याही किड्यांमुळे नव्हे. तेव्हा शेततळ्याचे पाणी लालसर दिसले म्हणून लगेच लोणारशी नाते जोडू नये. बहुतेक वेळा ते शेवाळ असते.

ठिबक कशामुळे बंद पडते

आता मूळ अडचणीकडे वळू. चिलटाची नुकती जन्मलेली अळी इतकी बारीक असते की 120 मेशच्या जाळीतूनही निसटते. ती लॅटरलमध्ये शिरते. तेथे अंधार, ओलावा आणि आतल्या भिंतीवर शेवाळी बुळबुळीत थर असतो. तो थर हेच तिचे अन्न. ती नळी बांधते, वाढते, आणि एक दिवस तोटीच्या वाटेत अडकते. जाळी फाटली असेल किंवा वाळूच्या गाळणीतील वाळू दोन-तीन वर्षे बदललेली नसेल तर मोठ्या अळ्याही जातात. पुष्कळदा वाळूच्या गाळणीतच त्यांची वस्ती होते व अळ्या तेथून पुढे पुरवल्या जातात, ही गोष्ट शेतकऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

तोटी बंद पडण्याची कारणे मात्र दोन असतात व ती वेगळी करून पाहिली पाहिजेत. बंद तोटी किंवा लॅटरलचा तुकडा उभा कापावा. आत पांढरा, खरखरीत थर असेल व त्यावर लिंबाचा रस किंवा पातळ आम्ल टाकल्यावर फेस आला तर तो चुन्याचा थर आहे. त्याला आम्ल प्रक्रिया लागते. आत तपकिरी, मऊ, बोटाने पुसला जाणारा चिखल व नळ्या असतील आणि फेस येत नसेल तर ते जिवांचे काम आहे. त्यावर आम्लाचा काहीच उपयोग नाही. काही शेतकरी दर हंगामाला आम्ल सोडतात व तरीही तोट्या सुरू होत नाहीत, त्याचे कारण हेच. विहीर व शेततळे दोन्हींचे पाणी आलटून पालटून वापरणाऱ्यांकडे दोन्ही थर एकत्र सापडतात.

उपाय

सर्वांत स्वस्त उपाय पाणी उचलण्याच्या जागेचा. फूट व्हॉल्व्ह तळाला टेकू देऊ नये. रिकाम्या बंद डब्यांचा तराफा करून सक्शन पाइप त्याला असा बांधावा की तोंड पृष्ठभागापासून दोन-तीन फूट खाली व गाळापासून निदान तेवढेच वर राहील. अगदी वर ठेवल्यास शेवाळ येते, खाली ठेवल्यास गाळ व अळ्या येतात. तळ्यात पाणी कमी उरल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलनंतर, ही काळजी घेणे अवघड जाते आणि नेमके तेव्हाच पीक पाण्यावर असते. त्या काळात गाळणी अधिक वेळा धुवावी.

वाळूच्या गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबमापकांतील फरक वाढला की उलट प्रवाहाने गाळणी धुवावी. फरक वाढलेला नसला तरी आठवड्यातून दोनदा धुवावी, कारण येथे प्रश्न केवळ कचऱ्याचा नाही, आत राहणाऱ्या अळ्यांचा आहे. वर्षातून एकदा वाळू काढून धुऊन उन्हात वाळवावी. जाळी हाताळताना उजेडासमोर धरून पाहावी, टाचणीएवढे भोकही पुरेसे असते. लॅटरलची टोके दर पंधरा दिवसांनी एकेक करून उघडावीत व स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्यावे. सगळी टोके एकदम उघडली तर दाब पडतो आणि गाळ हलत नाही.

यानंतर क्लोरीन प्रक्रिया. मोठी झालेली अळी आपल्या नळीत सुरक्षित असते व क्लोरीनला सहज दाद देत नाही. म्हणून आधी टोके उघडून अळ्या वाहून काढाव्यात आणि मग क्लोरीन द्यावा. त्याने मुख्यतः तिच्या अन्नाचा बुळबुळीत थर जातो व बारीक अळ्या मरतात. पाण्यात क्लोरीनचे प्रमाण 10 ते 20 पीपीएम येईल अशा बेताने अर्धा ते एक तास द्यावा. हिशेब सोपा आहे. ताज्या ब्लिचिंग पावडरमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. म्हणजे 1,000 लिटर पाण्यास 10 पीपीएमसाठी 30 ग्रॅम पावडर लागते. आपला संच तासाला 20,000 लिटर पाणी देत असेल तर अर्ध्या तासाच्या 10,000 लिटरसाठी 300 ग्रॅम पावडर झाली. ही पावडर प्लास्टिकच्या बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळीच व्हेंच्युरीतून सोडावी. ढवळलेले पाणी तसेच सोडल्यास चुन्यानेच तोट्या बंद होतील. उघड्या पोत्यातली जुनी पावडर निकामी असते. शेवटच्या तोटीच्या पाण्यात 1 ते 2 पीपीएम क्लोरीन शिल्लक असावा. ग्रामपंचायतीकडे पिण्याचे पाणी तपासायचा क्लोरोस्कोप असतो, त्याने पाहता येते. शेवटच्या तोटीत क्लोरीन आढळलाच नाही, तर पावडर कमकुवत आहे किंवा नळ्यांतील घाणीनेच तो संपवला आहे. पाणी विम्लधर्मी असेल तर क्लोरीनचा जोर कमी पडतो हेही लक्षात असू द्यावे. संच बंद करून पाणी रात्रभर नळ्यांत राहू द्यावे आणि सकाळी पुन्हा टोके उघडून काढावे. चिलटाचा फेरा दोन-चार आठवड्यांचा असल्यामुळे प्रक्रिया पंधरा दिवसांनी एकदा पुन्हा करावी. रोपे कोवळी असताना करू नये.

येथे एक इशारा. क्लोरीन व आम्ल कधीही एकत्र मिसळू नये, एकाच बादलीत किंवा एकामागून एक त्याच टाकीतही नाही. त्यातून निघणारा वायू जीव घेतो. दोन्ही प्रक्रिया करायच्या असल्यास निरनिराळ्या दिवशी, मध्ये संच साध्या पाण्याने धुऊन कराव्यात. क्लोरीनबरोबर खतेही सोडू नयेत.

तळ्यात औषध का टाकू नये

30 मीटर लांब, तेवढेच रुंद व 3 मीटर खोल तळ्यात उतार धरून सुमारे 20 लाख लिटर पाणी मावते. त्या सर्व पाण्याला 10 पीपीएम क्लोरीन द्यायचा म्हटले तर 60 किलो ब्लिचिंग पावडर लागेल. खर्च तर आहेच, मासेही जगणार नाहीत. प्रक्रिया नळीला द्यायची, तळ्याला नाही. कीटकनाशकाची गोष्ट आणखी वाईट. सायपरमेथ्रिनसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाची औषधे माशांना अत्यल्प प्रमाणातही मारतात. शेततळ्यात टाकण्याची शिफारस त्यांच्या लेबलवर नसते. ते पाणी पुढे भाजीला जाते, गुरे पितात. औषधाने मेलेले मासे खाऊ नयेत, विकू नयेत, गुराखोराच्या तोंडी लागू देऊ नयेत. खोल पुरून टाकावेत.

उलट माशांकडून काम करून घ्यावे. मृगळ व सायप्रिनस हे तळाशी चरणारे मासे आहेत आणि चिलटाच्या अळ्या व ट्युबिफेक्स हे त्यांचे आवडीचे खाद्य आहे. कटला वर चरतो, रोहू मधल्या थरात. नुसता कटला सोडला तर तळाचे किडे तसेच राहतात. मात्र सायप्रिनस गाळ उकरतो व पाणी गढूळ करतो. मातीच्या तळ्यातून ठिबक चालवत असाल तर सायप्रिनस थोडाच ठेवावा किंवा टाळून मृगळावर भागवावे. अस्तराच्या तळ्यात ही अडचण कमी येते.

उन्हाळ्यात तळे कोरडे पडले तर ती संधी समजावी. गाळ उन्हात चांगला तडकू द्यावा, त्यात अळ्या व अंडी दोन्ही मरतात. अस्तरावरचा वाळलेला थर झाडूने अलगद काढावा, फावडे लावू नये. गाळ शेतात टाकण्यास हरकत नाही, परंतु खारपाणपट्ट्यात तळ्याला विहिरीचे पाणी जोडलेले असेल तर आधी गाळाची क्षारता तपासून घ्यावी.

घरच्या नळाला लाल अळी आली तर

शेततळ्याखेरीज गावाच्या पाण्याच्या टाकीतूनही कधी कधी लाल अळी येते. पोटात गेल्यास ती जंतासारखी वाढत नाही. तरी याचा अर्थ टाकीवर झाकण नाही किंवा तळाचा गाळ काढलेला नाही. चिलटांच्या अंड्यांच्या जेलीवर पटकीचे जिवाणू वाढू शकतात असे इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी 2001 साली दाखवले. म्हणून अळी निरुपद्रवी असली तरी पाणी निर्धोक आहे असे समजू नये. टाकी धुऊन घेण्यास ग्रामपंचायतीस सांगावे, झाकण व हवेच्या नळ्यांना बारीक जाळी बसवून घ्यावी. तोपर्यंत पाणी दुहेरी फडक्याने गाळून उकळून प्यावे.

ओळख पटली नाही तर दहा-बारा किडे नळ्यांसकट छोट्या बाटलीत घ्यावेत. एका बाटलीत तळ्याच्या पाण्यात जिवंत व दुसऱ्या बाटलीत स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेले, असे दोन नमुने असल्यास उत्तम. बाटलीवर गावाचे नाव, तारीख, तळे मातीचे की अस्तराचे, मासे आहेत काय आणि पाणी कोठून येते हे पेन्सिलने लिहावे, शाईचे अक्षर स्पिरिटने पुसते. बाटली जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे न्यावी. कीटक नसलेला प्राणी असेल तर पुण्यात आकुर्डी येथे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम क्षेत्रीय केंद्र आहे, तेथे विचारणा करता येते. जिवंत नमुन्याची बाटली उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नये. वर सांगितलेल्या शेतकऱ्यांच्या बाटलीतील अर्धे किडे प्रवासातच मेले होते, उरलेल्या अर्ध्यांवर ओळख पटवावी लागली.